फिल्टर प्रेस उघडल्यावर केक मधोमध ओलाच निघतो : तपासणी कुठून सुरू करावी

कुपवाड आणि मिरजेच्या एमआयडीसीत, आणि मधली काही वर्षे साताऱ्यात, सांडपाणी शुद्धीकरणाच्या प्लांटवर काम करताना मला सर्वाधिक वेळा एकाच तक्रारीसाठी बोलावणे आले आहे. फिल्टर प्रेस म्हणजे स्लज, म्हणजे सांडपाण्यातला गाळ, कापडांतून दाबून पाणी वेगळे करणारे यंत्र, आणि आत उरणारी घट्ट वडी म्हणजे केक. फोनवर ही तक्रार नेहमी याच शब्दांत येते : "प्रेस चालतोय, पण केक होत नाही." पुढे जे लिहितो आहे ते आपल्या भागात जास्त दिसणाऱ्या यंत्राला धरून आहे, म्हणजे ८०० मिलिमीटरच्या पॉलिप्रॉपिलीन प्लेटा, ३२ मिलिमीटर जाडीचे चेंबर, मधोमध फीडचे, म्हणजे स्लज आत येण्याचे, छिद्र, हायड्रॉलिक सिलेंडरने बंद होणारा प्रेस आणि प्लेटिंग (धातूवर मुलामा), फॉस्फेटिंग (धातूवर फॉस्फेटचा थर) किंवा तत्सम कामातून निघणारा स्लज. माप लहानमोठे असले तरी विचाराची दिशा बदलत नाही.

लक्षणे

ओला केक हा शब्द सगळेच वापरतात, पण त्याखाली किमान चार वेगवेगळ्या गोष्टी खपवल्या जातात आणि निदान चुकते ते इथेच. म्हणून पाना हातात घेण्याआधी आपल्याकडे यांपैकी नेमके काय घडते आहे हे पाहून लिहून ठेवावे.

पहिला प्रकार असा की केक कडेला भाकरीच्या काठासारखा कडक झालेला असतो आणि मधोमध पिठल्यासारखा असतो. प्लेट सरकवली की तो अखंड न पडता मधून फाटतो आणि आतला पातळ भाग फसकन ट्रेमध्ये उतरतो. अशा वेळी फीडचे प्रेशर हळूहळू चढून ५ किंवा ६ किलोपर्यंत (म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला तेवढे किलो) व्यवस्थित पोहोचलेले असते.

दुसऱ्या प्रकारात पंप सुरू केल्यापासून १० ते १५ मिनिटांतच प्रेशर ६ किलोला जाऊन भिडते, प्लेटांच्या नळांतून गाळून येणारे पाणी जवळजवळ थांबते, आणि प्रेस उघडावा तर कापडावर दोन-तीन मिलिमीटरचा चिकट थर आणि बाकी सगळे चेंबरभर पाणी. हा थर सहजी सुटत नाही, उलथण्याने खरवडावा लागतो.

तिसऱ्यात नेमके उलटे होते. तीन-तीन तास पंप चालतो, नळांतून स्वच्छ पाणी जोरात येत राहते, प्रेशर मात्र दोन-अडीच किलोच्या वर सरकत नाही आणि शिफ्ट संपली म्हणून प्रेस उघडला जातो.

चौथा प्रकार मला सर्वांत धोक्याचा वाटतो : काही चेंबरांत उत्तम केक आणि काहींत नुसता पातळ गाळ, किंवा काहीच नाही. हा प्रकार दिसला तर पुढची बॅच भरण्यापूर्वी थांबावे आणि थेट या लेखातल्या पुढच्या "फीडचे छिद्र" या भागाकडे जावे, कारण अशा स्थितीत चालवलेला प्रेस प्लेट फोडतो.

केक भरतो कसा, एवढे आधी

चेंबरच्या दोन्ही भिंतींवर कापड असते. स्लज मधल्या छिद्रातून आत येतो, पाणी कापडातून पलीकडे जाऊन प्लेटेवरच्या खाचांतून नळाकडे उतरते, आणि घन पदार्थ दोन्ही कापडांवर थर धरत मध्याकडे वाढतो. ३२ मिलिमीटरच्या चेंबरमध्ये दोन्ही बाजूंचे १६-१६ मिलिमीटरचे थर एकमेकांना टेकले की केक पूर्ण झाला. टेकले नाहीत तर मधली फट पातळ राहते, आणि पहिल्या प्रकारातले पिठले म्हणजे ही न भरलेली फटच असते.

थर जसा जाड होतो तशी पाण्याची वाट लांबते आणि प्रवाह मंदावतो, त्यामुळे एकाच प्रेशरला थराची जाडी दुप्पट करायला वेळ दुप्पट नव्हे तर साधारण चौपट लागतो. थोडक्यात, थर ८ मिलिमीटर व्हायला अर्धा तास लागला असेल तर १६ मिलिमीटर व्हायला एकूण दोन तास लागतील. "निम्मा तर भरला, आता अजून अर्धा तास" हा हिशोब इथे चालत नाही, आणि बरेच ऑपरेटर मनाशी हाच हिशोब करीत असतात.

दुसरा हिशोब घन पदार्थांचा आहे. ८०० च्या प्लेटेतला एक चेंबर ढोबळ मानाने १५ लिटरचा धरला तर ३० चेंबरांत ४५० लिटर केक मावतो, म्हणजे सुमारे ५४० किलो, आणि त्यात ३० टक्के घन पदार्थ धरले तर कोरडा माल सुमारे १६० किलो होतो. एवढा माल २ टक्क्यांच्या स्लजमधून आणायचा तर ८ हजार लिटर स्लज प्रेसमध्ये जावा लागतो, आणि स्लज अर्ध्या टक्क्याचा असेल तर ३२ हजार लिटर. तिसऱ्या प्रकारच्या तक्रारीतल्या लोकांसमोर हे आकडे मांडले की बहुतेकदा प्रश्न तिथेच उलगडतो. त्यांच्या टाकीत तेवढा घन पदार्थच नसतो.

ओल्या केकचा खर्चही याच आकड्यांतून निघतो. प्लेटिंगसारख्या धंद्यातला हा स्लज २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत ३५.३ या वर्गात येतो आणि वजनावर पैसे मोजून विल्हेवाटीच्या केंद्राकडे, आपल्याकडून बहुधा रांजणगावला, पाठवावा लागतो. तोच १६० किलो कोरडा माल ३० टक्क्यांच्या केकमध्ये ५४० किलो भरतो आणि २० टक्क्यांच्या केकमध्ये ८०० किलो. वरचे अडीचशे किलो निव्वळ पाणी असते, आणि त्याचे गाडीभाडे आपण देत असतो.

आधी काय करू नये

ओला केक दिसला की दोन उपाय हमखास केले जातात. पहिला म्हणजे हायड्रॉलिक पॅकचे प्रेशर वाढवणे. सिलेंडरचे काम प्लेटा एकमेकींवर घट्ट धरून ठेवण्याचे असते. केकमधले पाणी पिळण्याशी त्याचा संबंध नसतो. तिथला आकडा प्लेटेचे क्षेत्रफळ आणि सिलेंडरचा व्यास पाहून उत्पादकाने ठरवलेला असतो, आणि तो ओलांडला की प्लेटेच्या कडा दबतात व पुढे कायमची गळती मागे लागते. दुसरा उपाय फीडचा पंप सुरुवातीपासून पूर्ण जोरावर चालवण्याचा. धातूंच्या हायड्रॉक्साइडचा गाळ मऊ आणि दबणारा असतो, त्यामुळे कोऱ्या कापडावर तो एकदम ६ किलोने आदळला की पहिलाच थर दाबला जाऊन कापडाची छिद्रे लिंपतो आणि पुढे पाणी जायला वाट राहत नाही. वरचा दुसरा प्रकार पुष्कळदा असा स्वतःच ओढवून घेतलेला असतो.

माझे मत अनुभवावरून असे बनले आहे की ओल्या केकचे मूळ प्रेसमध्ये क्वचितच सापडते. ते प्रेसच्या आधी, टाकीत, चुन्याच्या पिंपात किंवा पंपात असते. पुढचा क्रम सोपे आणि फुकट ते आधी, अवघड आणि महाग ते शेवटी, असा लावला आहे.

घड्याळ आणि नळ

पहिली तपासणी पूर्णपणे फुकट आहे. प्रेशर ६ किलोला पोहोचले म्हणजे केक झाला असे नसते. प्रेशर पोहोचल्यावरच खरी भरणी सुरू होते. प्रेस बंद कधी करायचा हे गेज सांगत नाही, नळ सांगतात. सुरुवातीला, पाणी जोमात असताना, तीन-चार नळांखाली एक लिटरचे माप धरून ते किती सेकंदांत भरते ते लिहावे आणि दर अर्ध्या तासाने हेच करावे. प्रवाह सुरुवातीच्या साधारण दहाव्या हिश्शावर आला की थांबायला हरकत नाही, असा माझा ठोकताळा आहे. हवेवर चालणारा डायफ्रॅम पंप असेल तर मापाचीही गरज नाही, कारण त्याचे ठोकेच पुरेसे बोलतात. सुरुवातीला मोजता येणार नाहीत इतके भराभर पडणारे ठोके शेवटी वीस-तीस सेकंदांना एक असे पडू लागतात. जुना ऑपरेटर चहा घेता घेता तो आवाज ऐकत असतो आणि बरोबर वेळी उठतो.

याच वेळी प्रत्येक नळ स्वतंत्रपणे पाहावा. एखाद्या नळातून गढूळ पाणी येत असेल तर त्या प्लेटेचे कापड फाटले आहे किंवा घडी पडून बसले आहे. एखादा नळ अगदी कोरडा असेल तर त्या प्लेटेच्या खाचा तुंबल्या आहेत, नाहीतर त्या चेंबरमध्ये स्लज पोहोचतच नाही. नळांना क्रमांक घालून ठेवले नसतील तर ते आजच घालावेत, रंगाच्या एका डब्यात काम होते.

गेज

दुसरी गोष्ट गेजची, कारण ज्या आकड्यावर आपण सगळे निदान उभे करतो तोच खोटा असण्याची शक्यता बरीच असते. स्लजच्या लाइनवरच्या गेजच्या निप्पलमध्ये गाळ जाऊन बसतो आणि काटा एका जागी अडकतो. पंप बंद करून, लाइन मोकळी केल्यावर काटा शून्यावर येतो का ते पाहावे. येत नसेल तर लाइनमध्ये प्रेशर उरलेले नाही याची नळांवरून खात्री करूनच गेज काढावे, निप्पल साफ करावे, किंवा सरळ नवे गेज लावावे. मध्ये डायफ्रॅम सील (गाळ आत जाऊ न देणारा पडदा) असलेले गेज घेतले तर ही कटकट कायमची मिटते. मिरजेत एका ठिकाणी मी अर्धा दिवस पंप तपासला होता आणि दोष त्या गेजमध्ये निघाला. तेव्हापासून गेज माझ्या यादीत इतके वर आले आहे.

फीडचे छिद्र

चौथ्या प्रकारच्या लक्षणासाठी ही तपासणी आहे आणि तिला फक्त एक टॉर्च लागते. प्रेस उघडा असताना प्रत्येक प्लेटेच्या मधल्या छिद्रातून टॉर्चचा उजेड टाकून पलीकडे पूर्ण वर्तुळ दिसते का ते पाहावे. आधीच्या बॅचचा केक तिथे डाटून बसलेला असतो, किंवा दोन्ही बाजूंच्या कापडांना जोडणारा शिवलेला गळा पिळला जाऊन वाट अरुंद झालेली असते.

कुपवाडच्या एका कारखान्यात दोन महिन्यांत तीन प्लेटा फुटल्या होत्या आणि मालकांचा समज असा झाला होता की प्लेटाच हलक्या दर्जाच्या आल्या आहेत. मी गेलो तेव्हा तिसरी फुटलेली प्लेट भिंतीला टेकवून ठेवली होती. मधल्या छिद्रापासून एका कोपऱ्यापर्यंत तडा गेलेला, आणि प्लेटेचा पोट एका बाजूला फुगलेला. मी एकेका छिद्रातून उजेड टाकत गेलो आणि अकराव्या प्लेटेला उजेड अडला. छिद्रात मुठीएवढा डाट बसला होता. त्या स्लजमध्ये चुना भरपूर असल्याने तो सिमेंटसारखा झाला होता आणि बोटाने खरवडला तर नख झिजत होते. चौकशी करता कळले की शनिवारी संध्याकाळी भरलेला प्रेस न उघडता सोमवारी उघडला जातो, आणि केक पाडताना प्लेटेचे तोंड उलथण्याने साफ करतात पण छिद्रात कोणी हात घालत नाही.

प्लेट का फुटते याचा हिशोब समजून घेण्यासारखा आहे. डाटाच्या अलीकडच्या चेंबरमध्ये ६ किलो प्रेशर आहे आणि पलीकडचा चेंबर रिकामा आहे अशी कल्पना करा. गाळणीचे तोंड सुमारे ७० बाय ७० सेंटीमीटर, म्हणजे ४,९०० चौरस सेंटीमीटर. त्याला ६ ने गुणले की २९ टनांहून अधिक भार मध्ये उभ्या असलेल्या एकाच प्लेटेवर एकाच बाजूने येतो. दोन्ही बाजूंना सारखे प्रेशर असेल तर हाच भार परस्पर फिटतो आणि प्लेटेला काही कळतही नाही. त्या कारखान्यात उपाय म्हणून लाकडाचा गोल दांडा करून घेतला, प्रत्येक बॅचनंतर तो प्रत्येक छिद्रातून फिरवायचा आणि शनिवारचा प्रेस शनिवारीच रिकामा करायचा एवढे ठरवले. लोखंडी सळई वापरू नये. तिने कापडाचा गळा फाटतो.

टाकीतला स्लज

यानंतर प्रेस सोडून टाकीकडे जावे. पंपाच्या सक्शनजवळून स्लज घेऊन तो एक लिटरच्या मोजपात्रात अर्धा तास स्थिर ठेवावा आणि गाळ कुठवर बसतो ते पाहावे. गाळाची रेघ शंभर मिलिलिटरच्याही खाली गेली आणि वर सगळे निवळ पाणी राहिले तर आपण प्रेसला स्लज नव्हे, पाणी पाजत आहोत. नक्की टक्केवारी हवी असेल तर शंभर मिलिलिटर स्लज वजन केलेल्या भांड्यात वाळवून उरलेला माल तोलावा. २ ग्रॅम उरले तर २ टक्के. स्लज किमान २ टक्के आणि शक्यतो ३ ते ४ टक्के असावा असा माझा आग्रह असतो. त्यासाठी टाकी रात्रभर स्थिर ठेवून वरचे निवळ पाणी परत प्लांटच्या सुरुवातीला सोडावे आणि खालचा दाट भागच प्रेसला द्यावा. यात खर्च काहीच नाही, फक्त शिफ्टची आखणी बदलावी लागते.

दाट स्लज उपसतानाही एक पथ्य आहे. टाकीतला ढवळणारा पंखा बंद ठेवला तर आधी घट्ट गाळ येतो आणि मग पाणी, आणि खूप वेगाने फिरवला तर तयार झालेले गुठळे मोडतात, म्हणून मंद गतीने सतत ढवळत राहणे योग्य.

चुना, पॉली आणि पीएच

दुसऱ्या प्रकारच्या लक्षणाचे, म्हणजे चिकट पातळ थराचे, मूळ बहुतेक वेळा इथे असते, आणि या भागाला मी सर्वाधिक वेळ देतो.

पहिला संशय चुन्यावर घ्यावा. विरलेला चुना दमट हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा खडूसारखा होतो आणि मग तो पीएचही चढवत नाही आणि गाळाला सुटसुटीतपणाही देत नाही. साताऱ्यात पावसाळ्याचे चार महिने ही तक्रार ठरलेली असायची, कारण पोती शेडच्या कडेला, जमिनीवर, तोंड उघडे अशी पडलेली असत. चिमूटभर चुन्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकावेत. जोरात फसफसला तर त्यातला बराच चुना निकामी झाला आहे. पोती लाकडी फळ्यांवर, प्लास्टिकमध्ये बांधून ठेवणे एवढाच त्यावर इलाज.

पीएच मीटरने पाहावा, रंगाच्या पट्टीवर विसंबू नये. जस्ताचा हायड्रॉक्साइड पीएच ९ च्या आसपास चांगला बसतो आणि ११ च्या पुढे पुन्हा विरघळू लागतो. क्रोमचा त्याहून थोडा खाली, ८ च्या जवळपास. म्हणजे "थोडा जास्त चुना टाकला तर बरेच" हे जस्ताच्या बाबतीत खरे नाही. विरघळलेले जस्त प्रेसमधून सरळ पाण्याबरोबर बाहेर जाते आणि मग प्रदूषण मंडळाच्या नमुन्यात दिसते.

पॉलीबाबत, म्हणजे गाळाचे गुठळे जमवणाऱ्या पॉलिमरबाबत, चूक बहुधा जास्त टाकण्याची असते. न बसलेला गाळ पाहून ऑपरेटर हात सैल सोडतो, आणि उरलेले पॉली कापडावर जाऊन साबणासारखा बुळबुळीत थर धरते. पॉलीचे पाणी ०.१ टक्क्याचे, म्हणजे हजार लिटरला एक किलो, पावडर हळूहळू भुरभुरून केलेले आणि निदान अर्धा-पाऊण तास ढवळलेले असावे. त्यात पारदर्शक गाठी तरंगत असतील तर त्या विरघळलेल्या नाहीत. मात्रा ठरवण्यासाठी एकाच स्लजचे चार-पाच बीकर घेऊन प्रत्येकात थोडे थोडे वाढते पॉली घालावे, एका बीकरातून दुसऱ्यात दहा वेळा ओतावे, आणि गुठळे न मोडता पाणी निवळ राहील अशी सर्वांत कमी मात्रा घ्यावी. ओतण्याचा भाग वगळू नये, कारण पंपातून जाताना स्लजचे जे हाल होतात त्यांची ही नक्कल आहे.

डिग्रीझिंगच्या (मालावरचा तेलकटपणा काढण्याच्या) टाकीतले तेल स्लजमध्ये येत असेल तर वरचे सगळे बरोबर असूनही कापड बंद पडते. टाकीवर तेलाचा तवंग दिसतो का तेवढे पाहावे आणि दिसल्यास तो आधीच काढावा.

कापड

कापड काढून उजेडासमोर धरावे आणि त्यावर तांब्याभर पाणी ओतावे. चांगल्या कापडातून ते लगेच पलीकडे उतरते. बंद पडलेल्या कापडावर डबके साचते. प्लेटेच्या बाजूने पांढरट खरखरीत थर असेल तर तो चुन्याचा आहे, आणि आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याने त्याला आणखी हातभार लागतो. आधी जोराच्या पाण्याने दोन्ही बाजू धुवाव्यात आणि प्लेटेच्या खाचाही धुवाव्यात, कारण कापड नवे आणि खाचा तुंबलेल्या असे अनेकदा असते.

पाण्याने न निघालेला चुन्याचा थर ५ टक्क्यांच्या आसपासच्या हायड्रोक्लोरिक आम्लात कापड काही तास भिजवल्यावर निघतो. कापड पॉलिप्रॉपिलीनचे असेल तर त्याला इजा होत नाही. नायलॉनचे असेल तर आम्ल ते खाते, म्हणून कापडाची जात माहीत नसताना आम्लाला हात लावू नये. भिजवण्याचे काम वेगळ्या प्लास्टिक टबात, मोकळ्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालून करावे, प्रेसवर आम्ल ओतून नव्हे. आणि एक गोष्ट ठळकपणे सांगतो : ज्या प्लांटमध्ये सायनाइडचे प्लेटिंग आहे तिथल्या कापडावर किंवा स्लजवर आम्ल अजिबात टाकू नये, कारण त्यातून निघणारा वायू काही श्वासांत माणूस मारतो. सोडियम सल्फाइड वापरणाऱ्या प्लांटलाही हेच लागू आहे, आणि हायपोक्लोराइट वापरणाऱ्यांना आम्लामुळे क्लोरीनशी गाठ पडते. अशा ठिकाणी कापड बदलून टाकावे, ते स्वस्त पडते.

पंप

इथवर काही सापडले नाही तर पंपाकडे वळावे. हवेचा साधा डायफ्रॅम पंप असेल तर तो हवेच्या प्रेशरपेक्षा जास्त प्रेशर देऊच शकत नाही. कंप्रेसरवर ७ किलो दिसतात, पण पंप चालू असताना पंपाच्या तोंडाशी मोजावे तर दुसऱ्या शेडमधली मशीन सुरू होताच ४ किलो उरतात, आणि केक त्या ४ किलोचाच होतो. हवा पुरेशी असूनही, प्रवाह थांबल्यानंतरही ठोके सुरूच राहत असतील तर आतल्या बॉल आणि सीट झिजल्या आहेत. हे काम जाणता फिटर करू शकतो.

स्क्रू पंपात स्टेटरचा, म्हणजे स्क्रू ज्यात फिरतो त्या नळीचा, रबर झिजला की प्रवाह दिसतो पण प्रेशर चढत नाही, आणि तिसऱ्या प्रकारासारखेच चित्र उभे राहते. फरक एवढाच की टाकीतला स्लज दाट असतो. स्क्रू पंप कोरडा चालवू नये, मिनिटा-दोन मिनिटांत रबर जळतो. आणि "प्रेशर येते का बघू" म्हणून त्याचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद करून तर कधीच पाहू नये, कारण तो थांबत नाही, पाइप फुटेपर्यंत ढकलत राहतो. साधा सेंट्रिफ्यूगल पंप लावला असेल तर पॉलीने जमवलेले गुठळे त्याच्या पंख्यातच मोडतात, त्यामुळे दुरुस्तीपेक्षा पंपाची जात बदलणे हेच उत्तर आहे.

साखर कारखान्यातल्या ओळखीच्यांना एक खुलासा : तिथला प्रेसमड (रस गाळून उरणारी मळी) या नावात प्रेस असला तरी तो आता बहुतेक ठिकाणी फिरत्या व्हॅक्यूम फिल्टरवर निघतो. तिथे ओढ हवेच्या दाबाची, म्हणजे एक किलोच्याही आतली असते, त्यामुळे वरच्या तपासण्या तिथे जशाच्या तशा लावू नयेत. शेंगदाणा तेलाच्या मिलमधल्या छोट्या प्रेसला मात्र कापड, छिद्र आणि गेज या तिन्ही गोष्टी तंतोतंत लागू पडतात.

कुठे थांबावे

प्लेटेला तडा दिसला, प्लेट पोटात फुगलेली दिसली किंवा तिची कड दबून गळती सुरू झाली तर ती प्लेट बाहेर काढावी आणि उत्पादकाला विचारल्याशिवाय पुन्हा घालू नये. वेल्डिंग, चिकटपट्टी, मध्ये रबराचा तुकडा असले प्रयोग मी पाहिले आहेत आणि त्यांतला एकही दुसऱ्या बॅचला टिकलेला पाहिला नाही. प्लेट कमी झाली म्हणून रॅमची (सिलेंडरच्या दट्ट्याची) धाव पुरत नसेल तर मध्ये लाकडी ठोकळे घालून प्रेस चालवू नये.

हायड्रॉलिक पॅकचे प्रेशर बॅच चालू असताना आपोआप उतरत असेल तर सिलेंडरचे सील किंवा व्हॉल्व्ह गेला आहे. तेलाची पातळी पाहणे आणि बाहेरची गळती शोधणे एवढेच आपले काम. तेही हात न लावता, पुठ्ठ्याचा तुकडा धरून, कारण होजच्या सुईएवढ्या छिद्रातून निघणारे तेल कातडीत घुसते आणि वरून जखम दिसत नसली तरी बोट गमवावे लागू शकते. रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू फिरवू नये. प्रेसच्या बाजूचे दांडे वाकलेले वाटले, प्लेटा सरळ रेषेत बसेनाशा झाल्या, पॅनेलमधली सेफ्टी बायपास केलेली आढळली किंवा मेंब्रेन (फुगणाऱ्या पडद्याच्या) प्लेटेतून हवा सुटू लागली तर यंत्र बंद ठेवून उत्पादकाच्या सर्व्हिसवाल्याला बोलवावे. प्लेटिंगचा स्लज अचानक वेगळाच वागू लागला आणि बीकरमध्ये कोणतीही मात्रा चालेना, तर मात्र सर्व्हिसवाला नको, केमिस्ट हवा. बहुधा उत्पादनात कोणते तरी रसायन बदललेले असते आणि ते ईटीपीवाल्याला (सांडपाणी प्लांट चालवणाऱ्याला) कोणी सांगितलेले नसते.

फोन करताना या गोष्टी हाताशी ठेवाव्यात : वरच्या चारपैकी कोणता प्रकार आहे, प्रेशर किती मिनिटांत किती चढले, पहिल्या आणि शेवटच्या अर्ध्या तासातले नळाच्या मापाचे सेकंद, स्लजची टक्केवारी आणि पीएच, कापड किती बॅच चाललेले आहे, आणि ओला निघालेल्या चेंबरांचे क्रमांक. शक्य असल्यास तुटलेल्या केकच्या कापाचा एक फोटो, बाजूला पट्टी ठेवून काढलेला, सोबत पाठवावा. एवढे आधी मिळाले की येणारा माणूस योग्य सुटे भाग घेऊनच निघतो, नाहीतर पहिली फेरी नुसती बघण्यात जाते.